सव्वासतरा डॉलरची वर्गणी

मंडळी, आपल्या नावनची ओळख बाहेरच्या माणसाला करून द्यायची तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक म्हणजे बॉइन आणि ब्लॅकवॉटर नद्यांचा संगम आणि दुसरी ताराची खाण. १९७० मध्ये इथे जस्ताचा साठा सापडला, १९७७ पासून उत्पादन सुरू झालं आणि युरोपातली सगळ्यात मोठी जस्ताची खाण म्हणून गावाचं नाव झालं. जुलै २०२३ मध्ये जस्ताचे उतरलेले भाव आणि विजेचा वाढलेला खर्च यांमुळे ती थांबवली गेली आणि साडेसहाशेच्या आसपास माणसं घरी बसली. २०२४ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात सरकारी भत्ता होता, युनियन होती. ते पुरेसं होतं असं नाही, पण अगदीच निराधार अवस्था नव्हती.

आता या खाणकामगाराच्या जागी १८८६ सालचा पेनसिल्व्हेनियातला हंगेरियन मजूर डोळ्यांपुढे आणा. भाषा येत नाही, बायको-मुलं हजारो मैलांवर, आणि काम दगडी कोळशाच्या खाणीतलं. छत कोसळलं तर भरपाई नाही. त्या राज्यात कामगार भरपाईचा कायदाच मुळी १९१५ साली आला. माणूस गेला तर त्याला पुरायचं कोणी आणि गावी विधवेला कळवायचं कोणी, इथपासून प्रश्न! म्हणून २१ फेब्रुवारी १८८६ रोजी हेझल्टन या गावी तेरा हंगेरियन खाणकामगार एकत्र बसले आणि त्यांनी ‘व्हेरहोवाय साहाय्य मंडळ’ काढलं. सगळ्यांचे खिसे रिकामे करून भांडवल जमलं १७ डॉलर २५ सेंट. सव्वासतरा डॉलर फक्त!

काम साधं होतं. ठराविक वर्गणी भरायची. आजारी पडलं तर काही दिवस मदत, मेलं तर अंत्यविधीचा खर्च आणि वारसाला थोडे पैसे. हळूहळू गावोगाव शाखा निघाल्या. शाखा म्हटली की सभा आल्या, सहली आल्या, नाच-गाणी आली. अशा मंडळांचं मला सगळ्यात आवडलेलं वैशिष्ट्य हेच, की पैशांचा कारभार आणि माणसांचा गोतावळा त्यांनी वेगळा ठेवला नाही. वर्गणी भरायला माणूस येई आणि दोन शब्द आपल्या भाषेत बोलून जाई.

हे वाचताना आपल्याला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या शतकात गोव्यातून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती तरुणांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावाच्या ‘कुडी’ थाटल्या. कूड म्हणजे कोकणीत खोली. बोटीवर काम करणारे ‘तारवटी’, स्वयंपाकी, वाजंत्री अशी मंडळी तिथे अगदी स्वस्तात राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, झोपायला चटई, गावाच्या संताची वेदी आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोट मिळेपर्यंत माणूस तिथे तग धरून राही. धोबी तलावच्या जेर महालात अशा अनेक कुडी होत्या. कोकणातल्या गिरणी कामगारांचंही तेच. लालबाग-परळच्या एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहत, खोलीची भिशी असे आणि गावकरी मंडळाच्या वर्गणीतून गावाकडे देऊळ किंवा शाळा उभी राही. हेझल्टनच्या त्या तेरा जणांना लालबागच्या खोलीत आणून बसवलं असतं तर भाषा सोडून काहीच परकं वाटलं नसतं.

पण मंडळी, नुसत्या जिव्हाळ्यावर हिशेब चालत नाही. आम्हा आयटीवाल्यांना आकडे दिसले की हात शिवशिवतात, म्हणून थोडं गणित.

त्या काळच्या अमेरिकेतल्या अनेक मंडळांची पद्धत अशी, की एखादा सभासद गेला की उरलेल्या सगळ्यांनी एकेक डॉलर काढायचा. समजा हजार सभासद आहेत, सगळे तरुण. वर्षाला पाच मृत्यू झाले तर प्रत्येकाला पाच डॉलर पडले. उत्तम! पण तीस वर्षांनी तेच सभासद साठीला येतात. मृत्यू होतात वीस, खर्च वीस डॉलर. नवा पंचविशीतला पोरगा म्हणतो, “म्हाताऱ्यांसाठी मी का भरू?” आणि तो येतच नाही. तरुण आले नाहीत की सरासरी वय आणखी वाढतं, वर्गणी आणखी वाढते, मग होते तेही सोडून जातात. शेवटी उरतात ते म्हातारे, ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी भरलं आणि स्वतःची वेळ आली तेव्हा भरायला कोणी नव्हतं. अशी बरीच मंडळं बुडाली, आणि त्यांत कोणी लबाडी केली होती असंही नाही. चूक होती ती रचनेत.

गंमत म्हणजे त्याच १८८६ साली अमेरिकेतल्या अशा संस्थांनी मिळून ‘नॅशनल फ्रॅटर्नल काँग्रेस’ नावाचा संघ काढला, आणि त्या शतकाच्या शेवटी या संघाने वयानुसार मृत्यूचं प्रमाण मांडणारा तक्ता तयार केला. वय पाहून वर्गणी ठरवा आणि आज लागत नसलेला पैसा गंगाजळीत टाका, हा त्याचा सरळ अर्थ. ज्यांनी ते ऐकलं ते टिकले. व्हेरहोवाय मंडळही टिकलं आणि १९५५ मध्ये राकोत्सी या दुसऱ्या हंगेरियन मंडळाशी एक होऊन ‘विल्यम पेन’ या नावाने पुढे चालू राहिलं.

आता वळू या आपल्या आयर्लंडकडे. इथल्या खेड्यांत सावकाराला ‘गॉम्बीन मॅन’ म्हणत आणि त्याची ख्याती आपल्याकडच्या सावकाराइतकीच! आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यावर पुढे जो उपाय शोधला गेला तो जर्मनीच्या रायफायझनचा : गावातल्या लोकांनी एकमेकांच्या भरवशावर पतपेढी काढायची. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी लिहिलेल्या अहवालाचं सारच मुळी ‘रायफायझन शोधा’ असं होतं, आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. इकडे होरेस प्लंकेट यांच्या सहकारी चळवळीनेही १८९० च्या दशकात त्याच धर्तीच्या पतपेढ्या काढल्या होत्या. म्हणजे आपल्या गावची सोसायटी आणि इथली पतपेढी एकाच आजोबांची नातवंडं!

इथल्या त्या जुन्या पतपेढ्या फार काळ तगल्या नाहीत. पण १९५० च्या दशकात डब्लिनमधल्या नोरा हर्लिही नावाच्या शिक्षिकेने शॉन फोर्ड आणि शेमस मॅकोइन यांच्या साथीने तीच कल्पना क्रेडिट युनियनच्या रूपात पुन्हा उभी केली. १९५८ मध्ये डब्लिन परिसरात पहिल्या क्रेडिट युनियन निघाल्या. १९६० मध्ये डेरीत जॉन ह्यूम आणि त्यांच्या सोबत्यांनी अवघ्या सात पौंडांवर सुरुवात केली. पुढे ह्यूमना शांततेचं नोबेल मिळालं, तरी क्रेडिट युनियनच्या कामाचा त्यांना विशेष अभिमान होता. १९६६ मध्ये कायदा झाला आणि आज या बेटावर क्रेडिट युनियनचे तीस लाखांहून अधिक सभासद आहेत. कायद्याची मुख्य अट अशी, की सभासदांमध्ये काहीतरी समान धागा हवा : एक गाव, एक परिसर किंवा एक व्यवसाय. धोबी तलावच्या कुडीचा नियम याहून फार वेगळा नव्हता.

हे सगळं दिवाळी अंकात कशाला, असं कोणी विचारेल. कारण सव्वाशे वर्षांपूर्वी जी पद्धत मोडीत निघाली, तीच आपण आज वापरतो. परदेशात कोणावर वाईट प्रसंग आला, देह भारतात न्यायचा झाला, की काही हजार युरोंचा प्रश्न उभा राहतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो आणि प्रत्येक जण यथाशक्ती पैसे देतो. आपली माणसं हात आखडता घेत नाहीत, हे खरंच. पण अशा वर्गणीत ज्याच्या ओळखी जास्त त्याच्यासाठी जास्त जमतं. महिन्यापूर्वी आलेल्या, कोणाला फारसा माहीत नसलेल्या मुलासाठी किती जमेल? आणि त्याच वर्षी तिसरा प्रसंग आला तर?

विमा मंडळ काढू या असं माझं म्हणणं नाही. आयर्लंडात २०१४ च्या कायद्याने तसल्या नव्या ‘फ्रेंडली सोसायटी’ची नोंदणीच बंद झाली आहे, आणि विमा हे विमा कंपन्यांचंच काम. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या क्रेडिट युनियनचं सभासद व्हावं. दुसरी, मंडळाने प्रसंग यायच्या आधीच एक छोटा आपत्कालीन निधी ठेवावा. त्यातून कोणाला, किती आणि कोणाच्या सहीने द्यायचं हे लिहून ठेवावं आणि हिशेब दर वर्षी सभेपुढे मांडावा. कुटुंबामागे महिन्याला दोन युरो, म्हणजे एका कॉफीपेक्षाही कमी, इतक्यावर सुरुवात होऊ शकते. पन्नास कुटुंबं आली तर वर्षाला बाराशे युरो होतात. ते थोडे वाटले, तर हेझल्टनचे सव्वासतरा डॉलर आठवावेत.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी वही पूजतात. यंदा मंडळाच्या नावाने एक कोरी वही त्या पूजेत ठेवू या, आणि सर्वसाधारण सभेत तिच्या पहिल्या पानावर काय लिहायचं ते ठरवू या. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!