शिकारीसाठी बदललेली जुनी स्प्रिंगफील्ड रायफल: घ्यावी का?

सेकंड हँड फोन घेताना आपण आयएमईआय बघतो ना, तसा इथे आधी सिरियल नंबर बघायचा. एम१९०३ स्प्रिंगफील्ड ही मूळची अमेरिकन लष्कराची रायफल. लष्कराने विकून टाकलेल्या अनेक रायफलींचं लाकूड कापून, दुर्बिणीसाठी भोकं पाडून तिथल्या लोकांनी त्या शिकारीसाठी वापरल्या. याला 'स्पोर्टराइझ' करणं म्हणतात.

खरी गोम रिसीव्हरमध्ये आहे, म्हणजे काडतुसाचा दाब पेलणाऱ्या पोलादी भागात. १९१८ पर्यंत कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग नुसत्या डोळ्यांनी बघून तापमान ठरवायचे (सेन्सर वगैरे काही नाही!). लख्ख उजेडात अंदाज चुकायचा, पोलाद जास्त तापून ठिसूळ व्हायचं. असे काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटले. म्हणून स्प्रिंगफील्ड कारखान्याचा नंबर ८,००,००० च्या खाली किंवा रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या खाली असेल, तर वापरण्यासाठी घेऊच नका. पुन्हा तापवून हा दोष जात नाही.

नंबर वरचा असला तरी गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या. आधीच्या मालकाने ते दुसऱ्या काडतुसासाठी कोरलेलं असू शकतं, आणि नळीवर त्याची नोंद असेलच असं नाही. भावही मूळ रूपातल्या रायफलीचा देऊ नका. भोकं पाडलेल्या रायफलीला संग्राहक सहसा तेवढे पैसे देत नाहीत.