लघुशांतीतली तक्षशिला



संध्याकाळच्या प्रतिक्रमणात आपण लघुशांती म्हणतो. मला ती लहानपणापासून पाठ आहे. पण ती कोणत्या गावासाठी रचली, असं सासूबाईंनी परवा विचारलं तेव्हा मी गप्पच बसले.

ते गाव तक्षशिला. प्रभावकचरितात कथा आहे. तिथे मरकीची साथ आली, संघाने नाडोलला मानदेवसूरींकडे श्रावक पाठवला आणि आचार्यांनी हे शांतिस्तोत्र दिलं. पुढे थोड्याच वर्षांत तुरुष्कांनी नगरी मोडली, असंही त्यात आहे.

आज ही जागा पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ. आधी इराणी सम्राटांची, इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदर आला, मग मौर्य, ग्रीक, शक, पहलव, कुषाण. राज्याबरोबर गावही सरकत गेलं: भीर टेकडीवरच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या, मग ग्रीकांचं सरळ रस्त्यांचं सिरकप, शेवटी कुषाणांचं सिरसुख.

बौद्धांचे धर्मराजिका स्तूप आणि जौलियनचा विहार इथलेच. विद्यापीठ म्हणजे एक मोठी इमारत असं आपल्याला वाटतं, पण इथे शिष्य एकेका गुरूकडे राहून शिकत. वैद्य जीवक सात वर्षं शिकला. गुरूने सांगितलं, योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती आण. तो रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षेत पास झाला! (आपल्या आज्या परसातलं काही फेकू देत नसत, ते आठवलं.)

आता आपल्या जिव्हाळ्याचं. श्वेतांबर परंपरेत ही बाहुबलींची राजधानी. दिगंबर पोदनपूर सांगतात. ऋषभदेव प्रभू संध्याकाळी नगराबाहेर आले. उद्या थाटामाटाने दर्शनाला जाऊ, म्हणून बाहुबली थांबले. सकाळी प्रभू निघून गेले होते. मग त्यांनी त्या जागी धर्मचक्र उभारलं. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी चुटपुट लागते.

१९१३ पासून मार्शल यांनी इथे वीस वर्षं उत्खनन केलं. सिरकपमधले काही स्तूप जैनांचे असावेत, असं त्यांना मथुरेच्या जैन शिल्पांशी असलेल्या साम्यावरून वाटलं. दोन तोंडांच्या गरुडाचा स्तूप त्यातलाच. अनेक अभ्यासक मात्र तो बौद्ध मानतात. तो आपला असावा असं मलाही फार वाटतं, पण शिलालेख नाही, म्हणून मी तसं ठामपणे लिहिणार नाही.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आज जरा सावकाश म्हणू."