आत्याची कंबर

परवा आत्याकडे गेलो होतो. घरातल्या मंडळींना तिचा कंबरेचा पट्टा ठाऊक आहेच. तिनं जिल्ह्याच्या गावी तीस वर्षं नर्सची नोकरी केली. आम्हा मुलांना वाटायचं, वय झालं की कंबर दुखतेच. यावेळी सहज विचारलं, तर म्हणाली, "अरे, माणसं उचलून उचलून गेली ती. पेशंटला काय कढईसारखे कान असतात का धरायला?"

ते वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून थोडं वाचलं.

गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, असं नर्सेसना वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. म्हणजे कंबर दुखली तर चूक तिचीच! पण हा सल्ला खोक्यासाठी ठीक. माणूस मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारतो, त्याचं वजन एका बाजूला जातं. पलंगावर ओणवं होऊन, कंबरेत वळून उचलावं लागतं. एका पाळीत असं कितीदा तरी. मणक्यामधल्या गाद्या अशाच हळूहळू झिजतात.

ब्रिटनमध्ये १९८१ साली रुग्ण हलवण्याविषयी एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. काखेत हात घालून रुग्णाला वर ओढायची जुनी पद्धत तिनं चुकीची ठरवली. त्यात नर्सची पाठ जाते आणि रुग्णाचा खांदाही. १९९२ चे ओझी हाताळण्याचे नियम १ जानेवारी १९९३ पासून लागू झाले: धोक्याचं उचलणं शक्यतो टाळा, हे मालकाचं काम. १९९६ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं सांगितलं की जिवावरचा प्रसंग वगळता रुग्णाचा सगळा भार हातांनी उचलूच नये. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नर्सेसच्या संघटनेनं 'नो लिफ्टिंग' धोरण आणलं.

अमेरिकेत टेक्सासनं २००५ मध्ये पहिला कायदा केला. २००७ मध्ये थॉमस वॉटर्स या संशोधकानं हिशेब मांडला: सगळं अनुकूल असलं तरी रुग्ण हलवताना एका नर्सवर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोंपेक्षा जास्त भार नको. सोळा किलो! पाच वर्षांचं पोर जवळपास तेवढं भरतं.

मग उचलायचं कुणी? हॉइस्टनं. चाकांवरचा छोटा क्रेनच तो. रुग्णाला कुशीवर वळवून खाली कापडी झोळी सरकवायची, तिचे पट्टे आकड्यांना अडकवायचे, आणि यंत्र त्याला अलगद उचलतं. नुसतं पलंगावर वर सरकवायचं असेल, तर निसरडी स्लाइड शीटही पुरते. पण यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं, मापाची झोळी नसली किंवा हातांना वेळच नसला, तर ते काय कामाचं? म्हणून या धोरणांमध्ये यंत्राबरोबर सराव आणि देखभालही येते.

आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं."

मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला वर सरकवायला एक तरुण नर्स एकटीच आली होती. आत्यानं तिचा हात धरला. "थांब गं पोरी. आधी आणखी दोघींना बोलाव." त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो.

असो. आता हसू येत नाही.