चक्र मोठें कीं लहान? : टर्बोचार्जरच्या निवडीचा इतिहास

कांहीं दिवसांपूर्वीं माझ्या परिचयाचा एक तरुण माझ्याकडे सल्ला विचारण्यास आला. त्याच्याजवळ दोन लिटर इंजिनाची एक चपळ मोटार आहे, आणि त्या इंजिनावर कारखान्यानेंच बसविलेला टर्बोचार्जर आहे. तो काढून त्याच्या जागीं अधिक मोठा बसवावा, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. तीन यंत्रांचीं नांवें व प्रत्येकापुढें अश्वशक्तीचा आंकडा लिहिलेला कागद त्यानें माझ्यापुढें ठेवला आणि म्हटलें, "काका, यांतला सर्वांत मोठा घ्यावा असें मला वाटतें. पैसे जमले आहेत. तुम्ही फक्त होय म्हणा." मीं होयहि म्हटलें नाहीं आणि नाहींहि म्हटलें नाहीं. त्याला एक इतिहास सांगितला. तोच आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. इंजिनाची शक्ति पेट्रोलावर अवलंबून असते अशी आपली समजूत असते. पण पेट्रोल हवें तितकें ओततां येतें, तें जाळावयास लागणारी हवा मात्र सिलिंडरांत मावेल तितकीच मिळते. म्हणून शक्ति वाढवावयाची तर हवा कोंडून भरली पाहिजे. दुसऱ्या बाजूनें पाहिलें, तर इंधनांतील उष्णतेचा स्थूलमानानें एकतृतीयांश भाग उच्छिष्ट वायूबरोबर बाहेर जाऊन फुकट जातो. या वायूच्या वाटेंत पात्यांचें एक चक्र ठेवलें, त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र बसविलें, आणि त्या दुसऱ्या चक्राकडून हवा दाबून इंजिनांत भरली, कीं झाला टर्बोचार्जर. मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेणारा हा नोकर धन्याच्या उच्छिष्टावर पोसला जातो. पण यांतच एक पेंच आहे. हवा वाढल्याशिवाय उच्छिष्ट वायु वाढत नाहीं, आणि वायु वाढल्याशिवाय चक्रास गति येऊन हवा वाढत नाहीं. पायाखालचें पेडल दाबल्यापासून शक्ति येईपर्यंत जो क्षण जातो तो या पेंचाचा. इंग्रजींत त्याला लॅग म्हणतात. आपण विलंब म्हणूं. आजची सर्व कथा या विलंबाची आहे.

या कल्पनेचा जनक आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथें १८७९ सालीं जन्मलेला इंजिनिअर. त्यानें १९०५ सालीं जर्मनींत पेटंटासाठीं अर्ज केला. कागदावरची कल्पना लोखंडांत उतरविण्यास मात्र त्याला वीस वर्षें लागलीं. अखेर १९२५ च्या सुमारास त्याच्या पद्धतीनें डीझेल इंजिनाची शक्ति शेंकडा चाळीसहून अधिक वाढली, आणि 'प्रॉयसेन' व 'हान्झेश्टाट डांत्सिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांचीं इंजिनें १७५० ऐवजीं २५०० अश्वशक्ति देऊं लागलीं.

दरम्यान पहिल्या महायुद्धानें हाच प्रश्न आकाशांत नेला होता. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचें इंजिन धापा टाकूं लागतें. फ्रान्समध्यें ओग्यूस्त रातो यानें या कामीं पुढाकार घेतला, आणि अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा सॅनफर्ड मॉस त्याच मार्गानें निघाला. मॉस यानें १९१८ सालीं 'लिबर्टी' विमान-इंजिन मोटार-ट्रकवर चढवून कोलोराडोमधील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेलें. सपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर २३० वर आलें. टर्बोचार्जर जोडतांच ३५६ देऊं लागलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं बी-१७ सारखीं बाँबफेकीं विमानें ज्या उंचीवरून उडत, ती उंची या प्रयोगाचें फळ होती.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जहाज बंदर सोडलें कीं दिवसचे दिवस एकाच गतीनें चालतें. विमान उंची गांठलें कीं तासन् तास एकाच सुरांत घुमत राहतें. तेथें चक्रास गति यावयास पांच क्षण लागले, तर त्यांची मोजदाद कोण ठेवतो? टर्बोचार्जर जन्मला तो स्थिर चालीच्या यंत्रांसाठीं. रस्त्यावरच्या मोटारीला स्थिर चाल ठाऊक नाहीं. वळण आलें, गाय आडवी आली, सिग्नल लाल झाला, पुढची गाडी ओलांडावयाची झाली, कीं दर घटकेस तिचें मन पालटतें. अशा चंचल यजमानाकडे हा नोकर कामास लागला, तेव्हां संसारांत खटके उडणें क्रमप्राप्तच होतें.

शर्यतीच्या मैदानावर त्याचें पहिलें गाजलेलें पाऊल १९५२ सालीं इंडियानापोलिस येथें पडलें. कमिन्स कंपनीच्या डीझेल गाडीनें, फ्रेड अगाबाशियन याच्या हातीं, ताशीं १३८ मैलांची सरासरी गांठून सर्वांत पुढची जागा पटकावली. परंतु प्रत्यक्ष शर्यतींत ७१ फेऱ्यांनंतर ती बंद पडली. टर्बोचार्जरचें हवा घेण्याचें तोंड जमिनीलगत होतें, आणि धांवपट्टीवर पडलेले टायरच्या रबराचे कण त्यांत जाऊन बसले होते. शक्ति कमी पडली नाहीं, श्वास कोंडला.

सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं हें यंत्र १९६२ सालीं आलें. जनरल मोटर्सनें त्या वर्षीं ओल्ड्समोबील 'जेटफायर' आणि शेव्हरोले 'कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर' अशा दोन गाड्या बाजारांत आणल्या. जेटफायरचें इंजिन २१५ घन इंचांचें आणि शक्तीहि २१५ अश्वांची. परंतु हवा दाबली कीं तापते, आणि तापलेल्या हवेंत पेट्रोल वेळेपूर्वींच भडकून दट्ट्यावर घणासारखे ठोके बसतात. तें टाळण्यासाठीं पाणी व मद्यार्क यांचें मिश्रण वेगळ्या टाकींतून इंजिनास पाजावें लागे. टाकी रिकामी झाली कीं गाडी आपली शक्ति आवरून घेई; मालक टाकी भरण्यास विसरत आणि मग गाडीलाच दोष देत. १९६३ नंतर ती गाडी निघाली नाहीं. कॉर्व्हेअरनें असलें मिश्रण न घेतां मूळ दाबच बेताचा ठेवला, आणि तिचें टर्बो इंजिन १९६६ पर्यंत चाललें. नुसती शक्ति विकत घेतां येत नाहीं, तिच्याबरोबर तिची उष्णताहि घरीं येते, हा पहिला धडा.

दुसरा धडा जर्मनींत मिळाला. बीएमडब्ल्यूची '२००२ टर्बो' १९७३ च्या शरदांत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत मांडली गेली. दोन लिटरांचें इंजिन, १७० अश्वशक्ति; आणि पुढच्या बाजूस 'टर्बो' हीं अक्षरें उलटीं रंगविलेलीं, म्हणजे पुढच्या गाडीच्या चालकानें आरशांत तीं सुलटीं वाचून वाट सोडावी! ठोके टाळण्यासाठीं सिलिंडरांतील मूळ दाबाचें प्रमाण ६.९ पर्यंत उतरविलें होतें. परिणाम असा झाला कीं, मिनिटास ४००० फेऱ्यांच्या आसपास जाईपर्यंत गाडी मरगळलेली वाटे, आणि मग पाठींत कोणीं लाथ मारावी तशी उसळे. पाठोपाठ तेलाचें संकट आलें, आणि अवघ्या १६७२ गाड्यांवर तिचा ग्रंथ आटोपला. १९७४ सालीं पॅरिसला दाखविलेली पोर्शे '९११ टर्बो' दीर्घायु ठरली. पण २६० अश्वशक्तीची ही गाडीहि त्याच स्वभावाची होती. चालक वळणावर पेडल दाबी, शक्ति येई ती वळण अर्धें संपल्यावर. भिऊन पाय उचलला, तर मागें इंजिन असलेली ती गाडी शेंपूट फिरवी. तिला 'विधवा करणारी' असें नांव पडलें तें उगीच नव्हे.

हा विलंब चक्राच्या आकाराशीं कसा बांधलेला आहे तें पाहूं. एकाच घडणीचें व एकाच धातूचें चक्र मोठें केलें, तर फिरण्यास विरोध करणारें त्याचें जडत्व व्यासाच्या पांचव्या घाताच्या प्रमाणांत वाढतें. व्यास सव्वापट केला, तर जडत्व तिप्पट होतें. कागदावरचा थोडा मोठा आंकडा पायाखालीं किती मोठा होतो, हें यावरून दिसेल.

मग या पेंचांतून वाट कोणीं काढली? ती स्वीडनमध्यें निघाली. साब कंपनीच्या पेर गिलब्रांड या इंजिनिअरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रश्नच उलटा विचारला. शक्ति जास्तींत जास्त किती मिळेल, असें न विचारतां, सामान्य माणूस रस्त्यावर असतांना त्याचें इंजिन बहुतेक वेळ कोणत्या फेऱ्यांत असतें, असें त्यांनीं विचारलें. उत्तर मिळाल्यावर त्यांनीं मुद्दाम लहान टर्बोचार्जर निवडला आणि दाब ठराविक मर्यादेवर गेला कीं जादा वायूला वाट करून देणारी झडप त्यावर ठेवली. १९७७ सालीं फ्रँकफुर्टला दाखविलेल्या 'साब ९९ टर्बो'ची शक्ति १४५ अश्वांचीच होती, बीएमडब्ल्यूहून पंचवीसनें कमी. पण तिचा सर्वाधिक पीळ ३००० फेऱ्यांजवळच मिळे. तिच्या मागून निघालेल्या असंख्य घरगुती टर्बो गाड्यांनीं हीच वाट धरली.

आणि हें केवळ संसारी माणसाचेंच शहाणपण होतें असें कोणीं समजूं नये. त्याच १९७७ सालीं फ्रान्सच्या रेनो कंपनीनें सिल्व्हरस्टोन येथें ग्रां प्री शर्यतींत दीड लिटरांची टर्बो गाडी उतरविली. ती इतक्या वेळां धूर सोडून उभी राहिली कीं, इंग्रज तिला 'पिवळी चहादाणी' म्हणूं लागले. १९७९ सालीं रेनोनें एका मोठ्या टर्बोचार्जरच्या जागीं दोन लहान बसविले, आणि त्याच वर्षीं १ जुलै रोजीं दिजाँ येथें झां-पिएर झाबूय यानें टर्बो गाडीचा पहिला ग्रां प्री विजय मिळविला. जेथें शक्तीवांचून दुसरें कांहीं मोजलें जात नाहीं असें आपण मानतों, तेथेंहि लहान चक्रांनीं बाजी मारली.

पुढें १९८६ सालीं पोर्शेच्या '९५९' मध्यें दोन चक्रें पाळीपाळीनें कामास लावलीं गेलीं. कमी फेऱ्यांना एक, वाढत्या फेऱ्यांना दोन्ही. जपानच्या टोयोटानें १९९३ च्या 'सुप्रा'मध्यें तीच युक्ति योजिली. पण मौज अशी कीं, जगभरच्या हौशी लोकांनीं याच सुप्राचीं दोन्ही लहान चक्रें उपटून तेथें एकच अगडबंब चक्र बसविण्याचा परिपाठ पाडला! सरळ धांवपट्टीवर तें शोभतेंहि, कारण तेथें इंजिन शेवटपर्यंत वरच्याच फेऱ्यांत असतें. चूक त्या चक्राची नसते. तेंच चक्र बाजाररस्त्यावर आणणाऱ्याची असते.

आतां त्या तरुणाच्या कागदाकडे वळूं. दोन लिटरांचें इंजिन ६५०० फेऱ्यांवर, दाब नसतांना, मिनिटास सुमारें सात किलो हवा घेतें. मिनिटास एक किलो हवेमागें सुमारें बावीस अश्वशक्ति असा ठोकताळा आहे. म्हणजे दीडशेंच्या घरांत. हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट करून ती इंटरकूलरमध्यें थंड केली, तर साडेबारा किलो जाईल आणि पावणेतीनशें अश्वशक्तीची आशा धरतां येईल. टर्बोचार्जरबरोबर त्याचा जो नकाशा मिळतो, त्यांत आडव्या रेषेवर हवा व उभ्या रेषेवर दाब असतो. आपला साडेबारा किलोंचा बिंदु त्यावर मांडावा. पण तेवढ्यावर थांबूं नये. ३००० फेऱ्यांवर त्याच दाबानें लागणारी पावणेसहा किलो हवाहि मांडावी. हा दुसरा बिंदु नकाशाच्या डाव्या सीमारेषेबाहेर पडला, तर तेथें हवा पुढें जाण्याऐवजीं उलटून धडपडेल, आणि तें यंत्र त्या इंजिनाचें नव्हे असें समजावें. लोक पहिला बिंदु पाहतात आणि पैसे देतात; दुसरा बिंदु मग रोज त्यांना पाहतो.

शिवाय जेटफायरची टाकी विसरूं नये. अधिक हवेला अधिक पेट्रोल, तें पुरविणारे मोठे पंप, अधिक थंडावा, प्रज्वलनाची नवी जुळवणी आणि अधिक भार सोसणारा क्लच, हें सर्व बिऱ्हाड मोठ्या चक्राबरोबर येतें. आणि आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ आहे. कारखान्यानें दिलेल्या व नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल त्याप्रमाणें करतां येत नाहीं. तेव्हां पहिली भेट दुकानदाराची नव्हे, परिवहन कार्यालयाची घ्यावी.

मीं त्या तरुणास एकच काम सांगितलें. महिनाभर गाडी नेहमीप्रमाणें चालवावयाची, आणि इंजिन किती फेऱ्यांत राहतें त्याचें टिपण ठेवावयाचें. महिन्यानें तो आला. त्याच्या टिपणाप्रमाणें त्याचें बहुतेक आयुष्य दोन हजार व चार हजार फेऱ्यांच्या मध्यें जात होतें. सहा हजारांवर तो महिन्यांतून फार तर दहा मिनिटें गेला होता. कागदावरचें सर्वांत मोठें नांव त्यानें स्वतःच खोडून आणलें होतें. उरलेल्या दोहोंविषयीं तो अजून विचार करीत आहे, आणि त्याची मला काळजी वाटत नाहीं. ब्यूखीपासून गिलब्रांडपर्यंतच्या माणसांनीं जो प्रश्न विचारावयास सत्तर वर्षें घेतलीं, तो त्यानें एका महिन्यांत स्वतःला विचारला. मला होय म्हणण्याचें कारणच उरलें नाहीं.