मणक्याच्या दुखापतीनंतर पेशी का मरत राहतात? रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

उंचावरून पडून किंवा रस्ते अपघातात मणक्याला मार बसला आणि हातपाय लुळे पडले, तरी सगळे नुकसान त्याच क्षणी होऊन गेलेले नसते. मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या काही पेशी आघातानेच फाटतात. त्यानंतर सूज येते, रक्तपुरवठा घटतो आणि सुरुवातीला वाचलेल्या पेशीही मरू लागतात. हा दुसरा टप्पा काही मिनिटांत सुरू होतो व काही आठवडे चालू शकतो.

त्यांतील काही पेशी ‘नियोजित मृत्यू’ने मरतात. याला ॲपॉप्टॉसिस म्हणतात. स्वतःला संपवण्याची ही सोय शरीराच्या उपयोगाचीच आहे. गर्भातील बाळाची बोटे सुटी होतात, ती बोटांमधल्या पेशी अशा मरतात म्हणूनच. इजेनंतर मात्र ती नको तिथे सुरू होते. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढवणाऱ्या पेशींना तिचा मोठा फटका बसतो. हे आवरण विजेच्या तारेवरील प्लास्टिकसारखे असते. ते गेले की तंतू शाबूत असूनही मेंदूचा संदेश नीट पोहोचत नाही.

अपघातानंतर लगेच काय करावे?

जखमीला हातापायांना धरून उचलू नका, बसते करू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. ११२ किंवा १०८ वर फोन करा. मान व पाठ सरळ, स्थिर ठेवूनच हलवले जाऊ द्या. मज्जारज्जूवर दाब असेल तर शक्यतो २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो, म्हणून गावातल्या हाडवैद्याकडे वेळ घालवू नका.

मोटार वाहन अपघात असल्यास २०२५ च्या केंद्रीय योजनेत नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. आयुष्मान कार्डधारक पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कामानिमित्त परराज्यात असाल तरी योजनेशी जोडलेल्या तिथल्या रुग्णालयात ते कार्ड दाखवा.

‘स्टेम सेल’साठी पैसे देण्यापूर्वी

हा पेशीमृत्यू थांबवणारे खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही. याच हतबलतेचा फायदा घेऊन काही ठिकाणी स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मागितले जातात, आणि घरचे लोक जमीन विकायला निघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी हा मान्य उपचार नाही. तो केवळ मंजूर चाचणीत करता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले, तर तिथेच थांबा. तोच पैसा फिजिओथेरपी, लघवीची निगा आणि शय्याव्रण टाळणाऱ्या गादीसाठी जास्त उपयोगी पडेल.

दाखला व मदत

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास बहुतेक योजनांचा मार्ग खुला होतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. ते देशभर चालते. प्रकृतीत बदल अपेक्षित असेल तर डॉक्टर मुदतीचा दाखला देतात. मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्या, नाहीतर लाभ अडकू शकतो. एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास व्हीलचेअरसारखी साधने मोफत, तर ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत मिळतात. ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील १८ ते ७९ वयाच्या व्यक्तीस केंद्राकडून महिना ३०० रुपये निवृत्तिवेतन आहे. ही रक्कम तुटपुंजी आहे. अनेक राज्ये त्यात भर घालतात, म्हणून तहसील किंवा समाजकल्याण कार्यालयात राज्याची रक्कमही विचारा.