खडखड, ठोका आणि पेट्रोलचा रंग

सौदी अरेबियात पेट्रोल पंपावर दोन रंग दिसतात. हिरवा म्हणजे ९१ ऑक्टेन, लाल म्हणजे ९५. २००६ संपेपर्यंत ही निवड नव्हतीच. एकच ९५ मिळायचे, लिटरला ६० हलाला. २००७ मध्ये ९१ आले, तेही ४५ हलालांत. जानेवारी २०१८ मध्ये मात्र ९५चा दर ९० हलालांवरून एकदम २ रियाल ४ हलालांवर गेला, आणि ९१चा ७५ हलालांवरून १ रियाल ३७ हलालांवर. महिन्याचा हिशेब घालून गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाने लाल सोडून हिरवे धरले तर त्यात नवल नाही. पण मग सिग्नलला उभी असलेली गाडी खडखडू लागली की पोटात गोळा येतो. चार रियाल वाचवले आणि इंजिन घालवले की काय?

पेट्रोलवरच्या या संशयाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, सोबत बॅटरीवरचे इग्निशन. इंजिने ठोके देऊ लागली तेव्हा लोकांनी दोष केटरिंगच्या इग्निशनला दिला. त्याने थॉमस मिजली या तरुणाला शोध घ्यायला लावले. मिजलीला आढळले, की ठिणगी पडून गेल्यावर उरलेले मिश्रण दाबाखाली आपोआप भडकते आणि ठोका तेव्हा बसतो. म्हणजे इग्निशन निर्दोष, दोष इंधनाचा. डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे पेट्रोलमध्ये शिसे. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात त्याच शिशाने कामगारांना आधी भ्रम झाला, मग काही दगावले. तरी ते विकले गेलेच. भारताने ते फेब्रुवारी २००० मध्ये बंद केले, सौदीने २००१ मध्ये, आणि अल्जीरियाने सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये.

पण मिजलीचा ठोका आणि सिग्नलवरची खडखड एक नव्हे, आणि गल्लत होते ती इथेच. ठोका पडतो ओझ्याखाली. एसी पूर्ण लावून, गाडी भरून, मक्केकडून ताइफचा हदा घाट चढताना तो ऐकू आला तर पेट्रोलवर संशय जरूर घ्यावा. गाडी जागेवर उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाब कमी. तिथे मिश्रण आपोआप भडकायला कारणच फारसे उरत नाही. मग लाल पेट्रोल भरून उपयोग काय?

उपयोग सनाइयाचा. प्रत्येक सौदी शहराच्या कडेला गॅरेजांची ही वस्ती असते, आणि तिथली भाषा मराठी कानाला गमतीदार वाटते. इंजिनाला मकीना, सायलेन्सरला शकमान. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते त्या 'करासी', म्हणजे चक्क खुर्च्या. आपली खुर्चीही त्याच अरबी 'कुर्सी'ची. टायमिंग चेनला 'जनझीर', आपल्या जंजीरची बहीण. (मुरुडच्या जंजिऱ्याचा यात संबंध नाही. तो 'जझीरा', म्हणजे बेट.)

जाणता मिस्त्री आधी तेलाची पट्टी काढून बघतो. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक टॅपेट भरत नाहीत आणि वर टकटक होते. मग ब्रेक दाबून गाडी डीमध्ये घालायला सांगतो. आवाज तेव्हा वाढला आणि स्टिअरिंगही थरथरले, तर करासी बघायच्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांनी रबर कडक होऊन चिरते. पत्र्यासारखी किणकिण असेल तर शकमानवरचे उष्णतारोधक पत्रे हलवून पाहायचे, अर्थात इंजिन गार झाल्यावर. जेद्दा, दम्मामच्या खाऱ्या दमट हवेत त्यांचे बोल्ट गंजतात. एक क्लिप आवळली की काम झाले. कित्येकदा तेवढेच असते, आणि या पायरीआधीच इंजिन खोलायला निघालेल्या गॅरेजमधून गाडी काढून घ्यावी हे माझे मत. एसी लावताच आवाज बदलला तर पट्ट्याचा टेन्शनर किंवा कंप्रेसर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्या भागावर टेकवून मूठ कानाला लावली की जागा बरीचशी कळते, फक्त फिरत्या पट्ट्यापासून हात दूर हवा.

घाबरायचे ते एका आवाजाला. सकाळी गार इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद साखळी खडखडते आणि थांबते. बऱ्याच इंजिनांत चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबाने ताणला जातो. तो झिजला किंवा चेन सैल झाली, की दाब चढेपर्यंत ती आदळत राहते. आवाज लगेच थांबतो म्हणून माणूस महिनोन्महिने दुर्लक्ष करतो. चेनने दात सोडले तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. मग जायचे तश्लीहला, मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारात, दुसरी मकीना शोधायला. आणि तिथे मातीत काढून ठेवलेल्या मकीनेची सकाळची खडखड ऐकायची सोय नसते.