जपलेली मोटार आणि झिजलेली बस

जुन्या मोटारी बघायला गेलेला माणूस दिवसभरापुरता लहान होतो. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात माझंही तसंच झालं. एकेका गाडीपुढं किती वेळ उभा राहिलो, कळलंच नाही. पाय दुखायला लागले तेव्हा भान आलं.

तिथली सगळ्यात मानाची गाडी म्हणजे १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. मागचं आसन सिंहासनासारखं उंच केलेलं. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली होती. पण १९११ मध्येच ते वारले आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांच्या काळात. पुढच्या साडेतीन दशकांत ती जेमतेम साडेतीनशे मैल चालली, असं सांगतात. म्हणजे वर्षाला दहा मैल!

आता आपल्याकडं बघा. हिंगोली तेव्हा त्याच राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. त्याच १९१२ साली पूर्णा-हिंगोली रेल्वे सुरू झाली. पुढं १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनंच बससेवा काढली: २७ गाड्या आणि १६६ माणसं. राजाची मोटार राजवाड्यात उभी होती, तेव्हा या गाड्या रयतेला घेऊन धुळीतून धावत होत्या.

त्या बसगाड्यांचं काय झालं? त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे, हे खरं. पण बाकीच्या कुठं आहेत? चालून चालून झिजल्या, शेवटी भंगारात गेल्या.

इथं माझा मुद्दा येतो. संग्रहालयात बहुधा टिकतं ते, जे फारसं वापरलं गेलं नाही. जे रोज उपयोगी पडलं, ते वापरातच संपलं. म्हणून नुसत्या टिकलेल्या वस्तूंवरून इतिहास सांगायला बसलो, तर तो न राबलेल्यांचाच इतिहास होतो. घरातही हेच बघा ना. आजीची पैठणी ट्रंकेत सापडते. तिचं रोजचं लुगडं गोधडीत जातं आणि गोधडीही एक दिवस विरून जाते. त्या पैठणीवरून आजीचं आयुष्य कळेल का?

याचा अर्थ प्रदर्शनाला जाऊ नका असा नाही. जरूर जा, पोरांना न्या, मनसोक्त बघा. कारागिराचं कसब राजाच्या मालकीमुळं कमी होत नाही. मी स्वतः पुन्हा जाणार आहे. फक्त चकचकीत गाडीपुढं उभे असताना स्वतःला एक प्रश्न विचारा: हिच्या शेजारची कोणती जागा रिकामी आहे? आणि घरी आलात की म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या गावात पहिली मोटार कधी आली, तिचं तिकीट किती होतं, टपावर कोण बसायचं? ती गाडी आता कुठंच नाही. आहे ती त्यांच्या आठवणीत, आणि ती आठवण लिहून ठेवायला आपल्या हातात फार दिवस नाहीत.